परमुलखाचे पाणी

कल्याणच्या खाडीतून परदेशी गलबते ये-जा करू लागली तो काळ इतका जुना आहे की, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात त्या बंदराचे नाव येते, सहाव्या शतकातील कॉस्मस नावाचा ख्रिस्ती प्रवासी त्याची नोंद करतो, आणि कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दाने दिली त्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचे शिलालेख आजही वाचता येतात. परंतु तो व्यापारी महिनोन्महिने गलबतावर काय खात होता, दूरच्या बंदरात कोणते पाणी पीत होता आणि पोट बिघडले म्हणजे कोणता उपाय करीत होता, याविषयी शिळा मौन पाळतात. इतिहासाचे हे जुनेच वैगुण्य आहे: दफ्तरात तहाची कलमे सापडतात, नजराण्याचे तपशील सापडतात, शिध्याची यादी मात्र क्वचितच हाती लागते, आणि तरीही परमुलखात गेलेली माणसे तलवारीपेक्षा पाण्यानेच अधिक गारद झाली आहेत, हे कोणत्याही जुन्या मोहिमेची हकीकत वाचणारास ठाऊक असते.

ठाणे, कल्याण आणि अलीकडे डोंबिवली या खाडीकाठच्या गावांनी परदेशी जाणाऱ्या माणसाचे पोट कसे सांभाळले, हे पाहू गेल्यास मला असे दिसते की, अग्नीची अर्धी विद्या आमच्या लोकांना फार पूर्वीपासून अवगत होती आणि पाण्याची उरलेली अर्धी विद्या शिकावयास त्यांना शंभराहून अधिक वर्षे लागली. अन्न आपल्यासमोर, आपल्या चुलीवर शिजलेले आणि गरम असावे, हा नियम सोवळ्याने घालून दिला; हेतू शुचितेचा होता, आरोग्याचा नव्हता, पण फळ मात्र बहुतांशी आरोग्याचे मिळाले. पाण्याच्या बाबतीत तेच सोवळे आंधळे ठरले, कारण पाणी कोणाच्या हातचे आहे एवढेच ते विचारी, ते कोठून आले हे विचारीत नसे.

उलट दिशेने, म्हणजे परदेशातून आमच्या मुलखात आलेल्यांनाही हीच धास्ती होती. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली तेथे छापून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोडशीचे, म्हणजे ओकारी-जुलाबाच्या जीवघेण्या विकाराचे, जे वर्णन केले आहे ते युरोपास त्या रोगाची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या लेखांपैकी होय. पुढे १६७५ साली जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून ठाणे आणि कल्याणवरून घाट चढून गेला. त्याला कल्याणात जुन्या वैभवाचे अवशेषच तेवढे दिसले. पण पाहुण्याच्या दृष्टीने आमचेच पाणी परमुलखाचे होते, एवढी गोष्ट या निमित्ताने ध्यानात ठेवावी.

ठाण्याचा इतिहास आणि समुद्रापलीकडचे अन्नपाणी यांची गाठ सर्वांत चमत्कारिक रीतीने पडली ती राघोबादादांच्या कारकिर्दीत. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७७५ च्या सुरतेच्या तहात दादांनी साष्टी आणि वसई त्यांच्या पदरात घातली, आणि तरीही पेशवाई हाती येत नाही असे पाहून अखेरीस त्यांनी थेट विलायत सरकारपाशी दाद मागण्यासाठी हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलास मणियार रतनजी या पारशी गृहस्थासह लंडनला रवाना केले. १७८१ साली हे मंडळ लंडनात पोचले तेव्हा त्यांच्या राजकारणात कोणी फारसे लक्ष घातले नाही. लक्ष घातले ते एडमंड बर्क याने, आणि तेही प्रथम त्यांच्या स्वयंपाकात. ब्राह्मण वकिलास परक्याच्या स्वयंपाकघरातले अन्न चालत नाही, तो आपल्या हाताने रांधून एकांतात जेवतो, हे कळल्यावर बर्कने बीकन्सफील्ड येथील आपल्या वाड्यातील, एरवी थंडीत झाडे जगविण्यासाठी बांधलेले काचगृह त्यांच्या स्वाधीन केले, आणि पेशव्यांच्या घराण्यातील एका पक्षाच्या वकिलाने इंग्लंडात आपली चूल तेथे मांडली. पार्लमेंटच्या समितीने पुढे याच हनुमंतरावांना हिंदूंच्या आचारांविषयी प्रश्न विचारून माहिती घेतली.

वकिली निष्फळ झाली. मंडळ परत आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. परंतु इतका कडकडीत आचार पाळूनही परतल्यावर या ब्राह्मणांना शुद्ध करून घेण्यासाठी सुवर्णाची योनी घडवून तिच्यातून पार व्हावे लागले, असे कंपनीच्या नोकरीतील विल्फर्ड याने लिहून ठेवले आहे. समाजाने प्रायश्चित्त मागितले ते समुद्र ओलांडल्याचे. थेम्स नदीचे पाणी प्याल्याचे मागितले असते तर त्यात निदान वैद्यकीय तथ्य तरी सापडले असते! लंडनच्या गटारांचा शेवट त्या काळीही त्याच नदीत होत असे आणि शहरातील पुष्कळ घरांना पिण्याचे पाणीही तीच पुरवीत असे.

या वकिलांच्या आधी आणि नंतर, काशीपासून विलायतेपर्यंत ज्या शिदोरीने कोकणातल्या आणि देशावरच्या माणसांना तारले, तिच्याकडे आता वळावयास हवे. दशमीचे पीठ दुधात भिजवितात, पाण्यात नव्हे. आणि पाण्याचा स्पर्श न झालेली भाकरी प्रवासात विटाळत नाही, असा धर्मशास्त्राचा लोकांना समजलेला अर्थ होता. लाह्या, पोहे, भाजलेल्या धान्याचे सातूचे पीठ, मेतकूट, सुंठ घातलेल्या गुळाच्या वड्या, मुरलेले लिंबाचे लोणचे, आमसुले, या साऱ्या जिनसांकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की प्रत्येकीत एक तर ओल जवळजवळ नाही, किंवा मीठ, आंबटपणा अथवा गोडी इतकी आहे की तीत रोगजंतूंचा निभाव लागत नाही. आमच्या आज्यांना रोगजंतू ठाऊक नव्हते. ‘ओले लवकर नासते’ एवढे ठाऊक होते आणि तेवढ्यावर त्यांनी शिदोरीचे एक परिपूर्ण शास्त्र उभे केले. दशमीत तर पाणीच वर्ज्य केले होते, म्हणजे खाण्याच्या बाबतीत ज्या शत्रूला त्यांनी दाराबाहेर ठेवले, तोच पिण्याच्या तांब्यातून आत येत राहिला. तो तांब्या तांब्याच्याच धातूचा असला आणि पाणी त्यात रात्रभर राहिले, तर पुष्कळसे जंतू मरतात हे आता प्रयोगाने सिद्ध झाले आहे. पण रस्त्यातल्या विहिरीवर भरून लगेच तोंडाला लावलेल्या तांब्याला हे पुण्य लागत नाही.

१८१७ साली बंगालच्या जेसोर प्रांतात उसळलेली पटकी, म्हणजे कॉलऱ्याची महामारी, फौजांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर दख्खनेत आली आणि १८१८ च्या ऑगस्टात मुंबईत पोचली. त्या घटनेपासून प्रवास आणि पोटाचा विकार यांचे नाते सरकारदरबारी मान्य झाले. कारण मात्र कोणी दूषित हवेत शोधले, कोणी ग्रहमानात, कोणी देवीच्या कोपात. हा रोग हिंदुस्थानचा आणि विलायत त्यापासून मुक्त, अशी जी एक समजूत पुढे रूढ झाली तिला मात्र इतिहासाचा आधार नाही. ज्यांच्या नावाचा चौक ठाण्यात आहे ते रंगो बापूजी गुप्ते, सातारच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून, १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनात तळ देऊन बसले होते, आणि त्यांच्याच मुक्कामात, १८४८-४९ च्या साथीत, त्या एका शहरात पटकीने १४,००० हून अधिक माणसे दगावली. ते परतल्यावर वर्षभरातच, १८५४ साली, डॉक्टर जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडून रोग पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. खुद्द लंडनच्या अधिकाऱ्यांनी त्याचे म्हणणे पुरते स्वीकारावयास आणखी दहा-बारा वर्षे घेतली. तेव्हा कल्याणच्या भटजीबोवांना दोष देण्यात अर्थ नाही.

दरम्यान आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून ठाण्यास आली, १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोचली, आणि ज्या माणसाने आयुष्यात दहा कोसांपलीकडचे पाणी चाखले नव्हते तो एका दिवसात पाच गावची पाणी पिऊ लागला. रेल्वेने प्रवाशांच्या धर्माची तजवीज उत्तम केली: स्थानकांवर हिंदूंसाठी एक पाणक्या आणि मुसलमानांसाठी दुसरा नेमला. दोन्ही घागरी पुष्कळदा एकाच विहिरीतून भरल्या जात, याची चौकशी प्रवाशांनी केली नाही आणि कंपनीनेही ती करावी असे तिला वाटले नाही.

कल्याण, भिवंडी आणि ठाण्याची कोकणी मुसलमान घराणी याच सुमारास मुंबई बंदरातून हजला जाणाऱ्या आगबोटींत चढत होती, आणि त्यांचा अनुभव आणखी खडतर होता. १८६५ साली मक्केत पटकीने हजारो यात्रेकरू मेले, रोग सुएझमार्गे युरोपात शिरला, आणि तेव्हा कोठे युरोपीय सरकारांनी १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरवून यात्रेकरूंच्या बंदोबस्ताचा विचार आरंभिला. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर पूर्वेकडून येणाऱ्या हाजींना उतरवून घेऊन अलग ठेवण्यात येऊ लागले. यात्रेकरूच्या पोटापेक्षा युरोपच्या बंदरांची काळजी या बंदोबस्तात अधिक होती, असे माझे मत आहे.

आणि मग १८८३ साल उजाडते, ज्यात कल्याणच्या जोशी घराण्यातील अठरा वर्षांची एक मुलगी अमेरिकेस जाण्यासाठी निघते. आनंदीबाई जोशी, माहेरची यमुना. हिचे वडील गणपतराव कल्याणचे, नवरा गोपाळराव पोस्ट खात्यातील कारकून, बदल्यांमुळे कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा फिरलेला. या मुलीचा पहिला मुलगा दहा दिवसांत गेला होता, आणि वैद्यकी शिकण्याचा तिचा निश्चय त्या दुःखाने पक्का झाला. प्रस्थानापूर्वी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात फेब्रुवारी १८८३ मध्ये तिने जे जाहीर भाषण केले त्यात, परत आल्यावर तुला जातीबाहेर टाकतील काय, या प्रश्नास तिने दिलेल्या उत्तराचा भाव असा होता की, मी येथे जशी राहते तशीच तेथेही राहणार असल्याने तसे होण्याचे कारण नाही. म्हणजे अन्न, पेहराव आणि आचार ही तिने समुद्रापलीकडे नेण्याची सामग्री ठरविली होती. ७ एप्रिल रोजी तिची आगबोट कलकत्त्याहून निघाली, ४ जून रोजी ती न्यूयॉर्कला उतरली, आणि ज्यांना ती मावशी म्हणत असे त्या कार्पेंटरबाईंच्या रोझेल येथील घरी राहून पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली.

तारखांचा योग मोठा विलक्षण आहे. तिने कलकत्ता सोडल्यावर आठ महिन्यांनी, त्याच १८८३ च्या डिसेंबरात, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कोख याने कलकत्त्यात पाऊल टाकले, आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी तेथील रुग्णांत व तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडल्याचे त्याने आपल्या सरकारला कळविले. म्हणजे आनंदीबाईने ज्या शहरातून प्रयाण केले, त्याच शहराच्या पाण्यात प्रवाशाच्या पोटाच्या शत्रूची ओळख पटली; ती मात्र तोवर फिलाडेल्फियात शरीरशास्त्राचे पाठ घेत होती. मांसाला स्पर्श न करण्याचे व्रत तिने बर्फाळ प्रदेशातही मोडले नाही, आणि मिळतील त्या भाज्या, भात, डाळ यांवर दिवस काढले. या निग्रहाचे कौतुक तिच्या चरित्रकारांनी केले आहे आणि मीही करतो; तरी तिने पानातले जितके जपले तितके पेल्यातले जपण्याची सोय त्या शहरात कोणापाशीच नव्हती, हे सांगणे प्राप्त आहे. फिलाडेल्फियाला पाणी मिळे ते मुख्यतः स्कूलकिल आणि डेलावेअर या नद्यांचे, गाळून स्वच्छ न केलेले. विषमज्वराने ते शहर पुढे वीस-पंचवीस वर्षे कुप्रसिद्ध राहिले आणि मोठी गाळणयंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बसल्यावरच तो ज्वर हटला. तिच्या मुक्कामातच, १८८५ च्या वसंतात, त्याच पेनसिल्व्हानिया संस्थानातील प्लिमथ नावाच्या सुमारे ८,००० वस्तीच्या गावी हजारावर माणसे विषमज्वराने आजारी पडली आणि शंभरावर मेली. कारण शोधता असे निघाले की, डोंगरावर एका घरात एकच रुग्ण होता, त्याचा मळ थंडीभर ओढ्याच्या काठी बर्फावर टाकला गेला होता आणि बर्फ वितळताच तो गावाच्या नळांत उतरला.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईला पदवी मिळाली. त्या समारंभास इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या, आणि आदल्या वर्षी गोपाळरावही अमेरिकेस येऊन ठेपले होते. नोव्हेंबरात ती मुंबईला उतरली ती क्षयाने खंगलेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला. अन्नाच्या हट्टाने तिचा जीव घेतला, असे सहज बोलणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला हे विधान अन्यायाचे वाटते. क्षयाचा जंतू कोखनेच २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता, त्यावरचे पहिले परिणामकारक औषध सापडण्यास आणखी साठ वर्षे होती, आणि त्या साठ वर्षांत मांस यथेच्छ खाणारी लाखो माणसे युरोप-अमेरिकेत त्याच रोगाने गेली. अपुऱ्या आहाराने तिची शक्ती खचली असेल, एवढे मान्य. पण पोटाने तिला दगा दिला नाही, छातीने दिला.

तिच्या मागे राहिलेल्या गोपाळरावांनी १८९० साली जे केले ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी प्रतिष्ठितांना बोलावून चहा देववावा आणि मग चहाच्या पेल्याशी बसलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणावीत, हा खोडसाळ उद्योग त्यांचाच. गावभर गदारोळ झाला, ग्रामण्य चालले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले आणि पुष्कळांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आजच्या वैद्याला विचाराल तर तो सांगेल की त्या दिवशी त्या दिवाणखान्यात सर्वांत निर्धोक वस्तू कोणती असेल तर ती तोच चहा, कारण त्याचे पाणी उकळलेले होते!

पाण्याची विद्या आमच्याकडे आली ती शास्त्राच्या ग्रंथांतून तितकी नव्हे, जितकी धरणांतून आणि नळांतून. साष्टी तालुक्यातील, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईला मिळाले; शहापूरच्या बाजूच्या तानसा तलावाचे १८९२ साली वाहू लागले. मुंबईकरांच्या पोटांचे रक्षण ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांनी केले, ही गोष्ट मुंबईकर सहसा बोलून दाखवीत नाहीत. १८९० नंतर हँकिन या शास्त्रज्ञाच्या शिफारशीवरून विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत गावोगाव पडली. हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचावयास आरंभ केला. पुढे बोटीने विलायतेस जाणाऱ्याला दंडावर ही सुई टोचून घेऊन तिचा दाखला पारपत्राबरोबर बाळगावा लागे, आणि दाखला नसला तर वाटेतल्या बंदरात अडकून पडण्याची भीती असे. लस फारशी टिकाऊ नाही आणि रोगाचा प्रसार तिने थांबत नाही असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ साली पटकीच्या दाखल्याची सक्ती उठविली. सुईने प्रवाशाच्या मनात जी निश्चिंतता निर्माण केली होती ती मुळातच फाजील होती, हे माझे मत.

त्याहून फार मोठा शोध दोन वर्षे आधी, १९७१ साली, पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सिद्ध झाला. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपल्यावर मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडावाटेच पाजण्याचा धीर केला, आणि पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, जे शेकडा ३० च्या आसपास होते, ते ४ च्या खाली आले. मराठीत आपण या मिश्रणास जलसंजीवनी म्हणतो. मीठ घातलेली भाताची पेज आजारी माणसास पाजणारी आजी या शोधाच्या उंबरठ्यापर्यंत शतकानुशतके येऊन उभी होती. मात्र जुलाब लागले की पाणी तोडावे, ही तिची दुसरी समजूत घातक होती, आणि ती अजूनही पुरती मेलेली नाही.

आज डोंबिवलीच्या प्रत्येक इमारतीत एखादे तरी कुटुंब असे आढळते की ज्याचा मुलगा अमेरिकेत, जर्मनीत किंवा आखातात आहे आणि ज्याचे वडीलधारे वर्षाआड तिकडे जाऊन येतात. त्यांच्या पेट्यांतून मेतकूट, चिवडा आणि लोणचे जाते, त्याच शिदोरीच्या शास्त्राला अनुसरून. मराठी सहल-कंपन्या तर परदेशात आपले आचारी नेऊन वरणभात वाढण्याची हमी देतात. हा सारा अग्नीचा बंदोबस्त झाला आणि तो चोखच आहे. परंतु पोट बिघडते ते बहुधा रस्त्याकाठी घेतलेल्या सरबतातील बर्फाने, चिरून ठेवलेल्या फळाने, न धुतलेल्या हाताने, किंवा दात घासताना नळाखाली धरलेल्या पेल्याने. आणि आता फिरस्ती पूर्वीसारखी केवळ विलायतेकडे चालत नाही. इजिप्त, व्हिएतनाम, केनिया येथे जाणाऱ्याने पाणी उकळलेले किंवा मोहोरबंद आहे ना हे पाहावे, आणि बिघाड झालाच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पीत राहावे. जुलाबात रक्त पडले किंवा ताप चढला तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये.

शेवटी वाचकांस एक विनंती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दोन्ही संस्थांनी या भागाचा लिखित ठेवा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. ज्यांच्या घरी आजोबांची बोटीवरून आलेली पत्रे, लस टोचल्याच्या जुन्या पुस्तिका, किंवा हजला, आफ्रिकेला अथवा विलायतेला निघताना आजीने केलेली शिध्याची यादी पेटीच्या तळाशी पडून असेल, त्यांनी ती रद्दीत न घालता, निदान तिची एक नक्कल तरी, या वाचनालयांच्या स्वाधीन करावी.